अकरा डिस्क आणि ‘चालतं का?’ : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

ताईने पेटी आणून टेबलावर ठेवली. “हे सगळं आपलं लहानपणीचं. यातलं काय चालतं तेवढं सांग, वर्गात वापरीन म्हणते.” मी म्हटलं, “शनिवारपर्यंत सांगतो.” आता पेटी उघडल्यावर वाटतंय की कुठला शनिवार ते विचारलं नाही हे बरं झालं.

एकूण अकरा डिस्क. साडेतीन इंची फ्लॉप्या दोन, बाकी नऊ सीडी. ताईच्या शाळेतले संगणक आणि माझा लॅपटॉप दोन्हीकडे विंडोज ११. म्हणजे ६४-बिट (प्रोसेसर एका दमात किती बिटांचं काम करतो तो आकडा; प्रोग्रॅम जुना तितका कमी, १६ किंवा ३२), कारण विंडोज ११ची ३२-बिट आवृत्ती निघालेलीच नाही. सीडी ड्राइव्ह लॅपटॉपला नाही, यूएसबीचा बाहेरून जोडायचा. फ्लॉपी ड्राइव्हही तसाच, मित्राकडून उसना.

डिस्कना क्रमांक दिले:

१ पाढ्यांचा सराव (फ्लॉपी), २ लोगो, म्हणजे पडद्यावरच्या कासवाला आज्ञा देऊन चित्रं काढायची मुलांची प्रोग्रॅमिंग भाषा (फ्लॉपी), ३ प्राणी, ४ बोलकी गोष्ट, ५ नकाशे, ६ विज्ञानाचे प्रयोग, ७ गणित, ८ अक्षरओळख, ९ टायपिंग, १० सौरमाला, ११ सामान्यज्ञानाची प्रश्नमंजुषा.

हात लावायच्या आधी अंदाज लिहून ठेवतो, म्हणजे नंतर पलटी मारता येणार नाही. डॉसवाल्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या पद्धतीच्या, दोन्ही फ्लॉप्या गेल्या. विंडोज ३.१च्या काळातल्या ३ आणि ४ही गेल्या. अकरा नंबर फ्लॅशमधली (ब्राउझरमधल्या खेळ-अ‍ॅनिमेशनचं, आता बंद पडलेलं तंत्र), तीही गेली. विंडोज ९५ नंतरच्या सगळ्या चालतील. म्हणजे सहा पास, पाच नापास.

५ जानेवारी

पहिला नियम: मूळ डिस्कवरून काही चालवून बघायचं नाही. आधी तिची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलीत नक्कल, घ्यायची आणि सगळे प्रयोग त्या इमेजवर.

सीडी पुसताना मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही. गोल चरा पडला तर तो एकाच वाटेवर लांबपर्यंत जातो आणि ड्राइव्हची चूक-दुरुस्ती तिथे हात टेकते. चित्राच्या बाजूचा ओरखडा तर जास्त वाईट. चमकणारा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो, आणि लोक डिस्क उलटी ठेवून नेमकी तीच बाजू घासतात. तीन नंबरच्या चित्रावर एक ओरखडा आहे, पण वाचली.

नऊच्या नऊ सीडींचे आयएसओ (सीडीच्या इमेज फाइली) झाले. पाढ्यांची फ्लॉपी पहिल्या खेपेला वाचनात अडकली, ड्राइव्हमधून काढून परत घातल्यावर निघाली. प्रत्येक इमेजचा हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा ओळखक्रमांक, काढून वहीत लिहिला. आज एवढंच.

९ जानेवारी

डब्यांवरच्या अटी वाचत बसलो. एका डब्यावर एमपीसीचा शिक्का आहे, ‘मल्टिमीडिया पीसी’चा. १९९१ सालचा तो पहिला दर्जा म्हणजे १६ मेगाहर्ट्झचा ३८६एसएक्स, २ एमबी मेमरी आणि सेकंदाला १५० केबी वाचणारा सीडी ड्राइव्ह. १९९३च्या दुसऱ्या दर्जात ४८६एसएक्स, ४ एमबी आणि ३०० केबी. माझ्या लॅपटॉपला ८ जीबी मेमरी आहे, म्हणजे त्या दुसऱ्या दर्जाच्या दोन हजारपट.

आणि इथेच सगळे फसतात, मीही फसलो होतो. डब्यावरच्या अटी ‘निदान इतकं तरी हवं’ अशा असतात. ‘याहून जास्त नको’ असं कुणी लिहीत नाही, कारण तेव्हा तसं सुचायचं कारणच नव्हतं. आपला संगणक कमी पडत नाही, तो जास्त होतो. म्हणून डबा बाजूला ठेवून फाइलच उघडून बघायची.

१० जानेवारी

आजचा दिवस कामाचा. प्रोग्रॅम न चालवता त्याची जात कशी ओळखायची ते लिहून ठेवतो, ताईलाही उपयोगी पडेल.

ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅमची फाइल, नोटपॅडमध्ये ओढून टाकायची. बहुतेक कचरा दिसेल, पण अगदी पहिली दोन अक्षरं इंग्रजी ‘एम’ आणि ‘झेड’ असतात. डॉस बनवणाऱ्यांपैकी मायक्रोसॉफ्टमधल्या मार्क झ्बिकोव्स्कीची ही आद्याक्षरं. जगातल्या प्रत्येक विंडोज संगणकावर हजारो फाइलींच्या तोंडाशी या माणसाने सही करून ठेवली आहे, आणि घाईत रोबोटसारखे क्लिक करणाऱ्या आपल्याला ती कधी दिसत नाही.

पुढे काही ओळींत ‘हा प्रोग्रॅम डॉसमध्ये चालत नाही’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य लागतं. त्याच्या थोडं पुढे दोन मोठी अक्षरं शोधायची. ‘एन ई’ असतील तर प्रोग्रॅम १६-बिट, विंडोज ३.१च्या काळातला. ‘पी ई’ असतील तर ३२ किंवा ६४-बिट. ‘पी ई’नंतर दोन रिकाम्या जागा सोडून ‘एल’ आला तर ३२, ‘डी’ आला तर ६४. दोन्ही जोड्या नसतील आणि ते वाक्यही नसेल तर तो निव्वळ डॉसचा.

हेक्स एडिटर (फाइलीतले बाइट आकड्यांत दाखवणारा प्रोग्रॅम) असेल तर अंदाजपंचे शोधावं लागत नाही. शून्यापासून मोजून साठाव्या बाइटवर चार बाइटचा एक आकडा असतो, तोच पुढच्या अक्षरांचा पत्ता. तिथे ‘पी ई’ आणि दोन शून्य बाइट, मग ‘४सी ०१’ म्हणजे ३२-बिट इंटेल, ‘६४ ८६’ म्हणजे ६४-बिट.

पेटीचा निकाल: १ आणि २ डॉस. ३ आणि ४ ‘एन ई’. ५ ते ११ ‘पी ई’, सगळ्या ३२-बिट. ६४-बिट एकही नाही, ते अपेक्षितच होतं.

६४-बिट विंडोजवर ३२-बिट प्रोग्रॅम चालतात, त्याची सोय विंडोजमध्येच आहे. १६-बिट मात्र चालत नाहीत. डॉस आणि विंडोज ३.१चे प्रोग्रॅम चालवणारा एनटीव्हीडीएम नावाचा भाग फक्त ३२-बिट विंडोजमध्ये असायचा. प्रोसेसर ६४-बिट पद्धतीत गेला की जुन्या ८०८६चं सोंग घ्यायची त्याची सोय बंद होते, आणि तो भाग त्याच सोयीवर उभा होता.

विंडोज १०ची ३२-बिट आवृत्ती मिळत होती आणि तिच्यावर यातलं बरंच सरळ चाललं असतं. मोह झाला. पण तिचा आधार, म्हणजे सुरक्षेचे नवे अपडेट येणं, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि शाळेच्या नेटवर्कवर तसला संगणक लावायचा नाही असं ठरवलं.

११ जानेवारी

सगळ्यात सोपी म्हणून अकरा नंबर घेतली, नापास करून मोकळं व्हायला. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झालं, १२ जानेवारी २०२१पासून प्लेअरच मजकूर अडवायला लागला, हे सगळं ठाऊक होतं.

डबलक्लिक केलं आणि प्रश्नमंजुषा सुरू झाली. संगीतासकट.

ही ब्राउझरमधली फ्लॅश नाही. बनवणाऱ्याने प्लेअर आणि पाठ एकाच ईएक्सईमध्ये बांधून ‘प्रोजेक्टर’ केलाय. बंद पडायची तारीख नंतरच्या प्लेअरमध्ये घातली होती, या बिचाऱ्या जुन्याला ती कुणी सांगितलीच नाही. नुसत्या एसडब्ल्यूएफ, म्हणजे फ्लॅशच्या, फाइली असत्या तर रफल नावाचं मुक्त एम्युलेटर (जुन्या यंत्राचं किंवा तंत्राचं सोंग घेणारं साधन) वापरावं लागलं असतं. इथे काहीच लागलं नाही.

अंदाजातला पहिला नापास पास झाला. माझ्या अंदाजांची किंमत ताईला सांगायला नको.

१७ जानेवारी

पाच नंबर, नकाशे. सेटअपवर डबलक्लिक. ‘हे अ‍ॅप तुमच्या संगणकावर चालू शकत नाही.’

पण फाइल तर ‘पी ई’ निघाली होती! अर्धा तास इमेजवर संशय घेतला. अर्धवट कॉपी झालेल्या फाइललाही हाच निरोप येतो, म्हणून हॅश परत काढला. जुळला. मग लक्षात आलं की गेल्या आठवड्यात मी तपासला तो प्रोग्रॅम, सेटअप नाही. सेटअप नोटपॅडमध्ये उघडला: ‘एन ई’.

त्या काळी हे सर्रास चालायचं. ३२-बिट प्रोग्रॅम, पण डिस्क कुणी विंडोज ३.१वर घातली तर निदान नीट नकार देता यावा म्हणून इन्स्टॉलर १६-बिट. काही प्रसिद्ध इन्स्टॉलर ६४-बिट विंडोज ओळखतं आणि त्यांच्या जागी स्वतःकडचा ३२-बिट उतारा लावतं. हा त्यांतला नाही. घर मजबूत आहे, दाराची कडी तेवढी गंजलीय.

मग खिडकीतून आत. डिस्कवरच्या फाइलींच्या नावांतलं शेवटचं अक्षर जाऊन तिथे खालची रेघ आलीय. ही मायक्रोसॉफ्टची जुनी दाबून भरण्याची पद्धत. त्या उलगडणारी ‘एक्स्पांड’ ही आज्ञा विंडोजमध्ये अजून आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडून एकेक करत चौदा फाइली एका फोल्डरमध्ये काढल्या. प्रोग्रॅम सुरू झाला, शीर्षकाचं चित्र आलं, आणि लगेच ‘कृपया सीडी घाला’.

१८ जानेवारी

सीडी तर आहे. आयएसओवर डबलक्लिक केलं की विंडोज ८पासून पुढे ती आपोआप ड्राइव्ह म्हणून लागते. ती ‘ई’ म्हणून लागलीय. प्रोग्रॅम बघतोय कुठे?

प्रोसेस मॉनिटर लावला. कुठला प्रोग्रॅम कुठली फाइल मागतो ते हे मोफत साधन ओळीओळीने दाखवतं. हजारो ओळींत एक सापडली: विंडोजच्या फोल्डरमध्ये एक आयएनआय, म्हणजे सेटिंगची, फाइल शोधतोय आणि ‘सापडली नाही’ असं उत्तर घेऊन परत येतोय. इन्स्टॉलर चालला असता तर ती त्याने लिहिली असती. डिस्कवर त्याच नावाचा नमुना होता. तीनच ओळी, मधल्या ओळीत सीडीचा मार्ग. तिथे ‘डी’च्या जागी ‘ई’ केलं, फाइल विंडोजच्या फोल्डरमध्ये ठेवली.

जगाचा नकाशा उघडला. एका अक्षरासाठी दोन दिवस.

२४ जानेवारी

सात नंबर, गणित. इन्स्टॉल झालं. चालवल्यावर म्हणतं, ‘विंडोज ९५ किंवा त्यानंतरची आवृत्ती लागते.’ विंडोज ११ ही त्यानंतरची नाही की काय!

गंमत आकड्यांत आहे. विंडोज ९५चा आतला क्रमांक ४.०, ९८चा ४.१०, एक्सपीचा ५.१, सातचा ६.१. दहाचा १०.०, आणि अकराचाही १०.०च, फक्त बिल्ड २२००० आणि पुढचे. कुणीतरी तपासणी लिहिताना ‘चार किंवा जास्त’ असं लिहायच्या ऐवजी ‘चार आहे का’ असं लिहिलं असणार. त्या वर्षी ते चाललं.

राइटक्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथे ‘विंडोज ९५’ निवडलं. आता विंडोज त्या प्रोग्रॅमशी आपलं वय चोरून बोलतं. तो खूश. पण रंग विचित्र, सगळी फळं जांभळी. त्याच टॅबवर ‘कमी रंग’ या खुणेखाली ८-बिट म्हणजे २५६ रंग निवडले, फळं पिकली. ६४० बाय ४८०ची खूणही केली, नाहीतर खिडकी टपाल तिकिटाएवढी दिसत होती.

त्याच दिवशी आठ नंबरही उरकली. अक्षरओळखीत ‘क’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिपींच्या सामायिक संकेतांच्या, आधीचं देवनागरी असंच होतं: आतमध्ये इंग्रजी अक्षरांचेच संकेत, आणि खास फॉन्ट त्यांना ‘क’, ‘ख’चा मुखवटा चढवणार. इन्स्टॉलरला फॉन्ट बसवता आला नव्हता. डिस्कवरून तो हाताने बसवला, मुळाक्षरं उभी राहिली.

२५ जानेवारी

नऊ नंबर, टायपिंग. पहिल्या झटक्यात इन्स्टॉल, पहिल्या झटक्यात सुरू. ताईकडे शाळेत पाठवून दिली. यादीत बरोबरची खूण.

३१ जानेवारी

ताईचा फोन. “अरे, मुलांचे गुण पुसले जातायत. काल पाचव्या धड्यावर असलेली मुलगी आज पहिल्यावर.”

“रोज त्याच संगणकावर बसते ना?”

“हो, त्याच. लॉगिन मात्र सकाळच्या वर्गाचं वेगळं, दुपारचं वेगळं. आज ती दुपारच्या वर्गात बसली होती.”

तिने बोलता बोलता अर्धं उत्तर देऊन टाकलं. हे जुने प्रोग्रॅम स्वतःच्या फोल्डरमध्येच गुण लिहितात, म्हणजे प्रोग्रॅम फाइल्सच्या आत. साध्या वापरकर्त्याला तिथे लिहायची मुभा नसते. पण नकार दिला तर जुने प्रोग्रॅम कोसळतील, म्हणून विंडोज व्हिस्टापासून एक गोड थाप मारतं. ‘लिहिलं बरं का’ म्हणतं आणि फाइल गुपचूप त्या लॉगिनच्या खासगी फोल्डरमधल्या ‘व्हर्च्युअल स्टोअर’मध्ये टाकतं. वाचायला मागितली की तिथूनच देतं. एकाच लॉगिनमध्ये हे कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन लॉगिन असली की एकाच मुलीची दोन गुणपत्रकं तयार होतात. मी घरी एकाच लॉगिनमध्ये तपासलं आणि बरोबरची खूण करून मोकळा झालो. ती खूण आज खोडली.

उपाय सोपा: प्रोग्रॅम फाइल्सच्या बाहेर, सरळ सी ड्राइव्हवर फोल्डर करून त्यात इन्स्टॉल करायचं. मी प्रेमाने त्याचं नाव देवनागरीत ‘शिकवणी’ ठेवलं आणि प्रोग्रॅम उघडेचना! त्याला मार्गात सहा प्रश्नचिन्हं दिसत होती. युनिकोड न कळणाऱ्या प्रोग्रॅमला विंडोज जुन्या संकेतसारणीत नाव करून देतं, देवनागरीसाठी तशी सारणीच नाही, आणि प्रश्नचिन्ह तर फाइलच्या नावात चालतच नाही. नाव इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता, आठ अक्षरांच्या आत ठेवलं. दोन्ही लॉगिनमधून तपासलं. दोन्हीकडे तेच गुण दिसले.

दोन्ही व्हर्च्युअल स्टोअरमधल्या गुणांच्या फाइली काढून ठेवल्यात. त्या मुलीला पाचवा धडा परत मिळाला.

१ फेब्रुवारी

सहा आणि दहा, दोन्ही एका दमात.

सहा नंबरच्या प्रयोगांच्या चित्रफितींना क्विकटाइम (अ‍ॅपलचं चित्रफिती दाखवणारं साधन) लागतं, डिस्कवरच त्याची जुनी आवृत्ती आहे. विंडोजवरच्या क्विकटाइमचा आधार २०१६मध्ये संपला आणि ते काढून टाका असाच सल्ला तेव्हा सुरक्षावाल्यांनी दिला होता. खऱ्या संगणकावर बसवणार नाही. एक्सपीचा जुना परवाना घरात होता, व्हर्च्युअल मशीनमध्ये ती बसवली, नेटवर्क पूर्ण तोडलं आणि त्यात चालवलं. चालतं. पण ताईला वर्गात यंत्राच्या पोटात दुसरं यंत्र सुरू करून दाखवावं लागेल, म्हणून ‘फक्त शिक्षकांच्या संगणकावर’ असा शेरा.

दहा नंबर, सौरमाला, चालत नाही. डिस्कवर सात शून्यांपुढे एक असं नाव असलेली टीएमपी फाइल दिसली तेव्हाच पाल चुकचुकली होती. ही सेफडिस्कची खूण, नक्कल रोखणाऱ्या कुलपाची. त्या कुलपाचा ड्रायव्हर धोकादायक म्हणून विंडोज १०पासून लोडच होत नाही. प्रोग्रॅम धडधाकट आहे, मूळ डिस्क समोर आहे, आणि ती मूळ आहे हे पटवून देणारा साक्षीदारच वारला. प्रामाणिकपणे विकत घेतलेल्या डिस्कचीच अशी अडवणूक होते याचा राग येतो.

कुलूप फोडायच्या मागे लागलो नाही. ताईला विचारलं, यातलं नक्की काय हवंय? “चंद्राच्या कला, आणि ग्रह कधी कुठे दिसतो ते.” मग स्टेलेरियम. मुक्त आहे, चालू आहे, आणि या डिस्कपेक्षा कितीतरी चांगलं. हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

७ फेब्रुवारी

आता १६-बिट. तीन नंबरला ओटीव्हीडीएम वापरलं. वाइन हा लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारा १९९३पासूनचा प्रकल्प. त्याचाच कोड घेऊन कुणीतरी १६-बिट प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर चालवायची ही सोय केली आहे. प्राणी आले, ओरडले. पास.

चार नंबरला तेच केलं. पुस्तक उघडलं, पानं उलटली, शब्द एकेक करून पिवळे होत गेले. आवाज नाही. बोलकी गोष्ट मुकी.

संध्याकाळभर ध्वनीच्या सेटिंगात डोकं घातलं. मग मूळ डिस्क दिव्याखाली तिरपी धरली. माहिती लिहिलेला भाग आणि कोरा भाग यांची छटा वेगळी दिसते. लिहिलेला पट्टा जवळजवळ कडेपर्यंत गेलेला. आणि माझा आयएसओ? ९० एमबी. साडेसहाशे एमबीच्या डिस्कवर ९० एमबीला एवढी जागा लागत नाही.

उरलेल्या जागेत गाण्याच्या सीडीसारखे ट्रॅक होते. पहिला ट्रॅक प्रोग्रॅमचा, पुढचे सगळे आवाजाचे. प्रोग्रॅम ड्राइव्हला ‘सातवा वाजव’ म्हणून सांगायचा. आयएसओमध्ये फक्त पहिला ट्रॅक येतो. ५ जानेवारीला मी मोठ्या रुबाबात हॅश लिहिला तो अर्ध्याहून कमी डिस्कचा. नक्कल हुबेहूब होती, पण कशाची ते बघितलं नव्हतं.

परत इमेज घेतली, या वेळी बिन आणि क्यू अशा जोडफाइलीत. क्यूमध्ये कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो ते साध्या मजकुरात लिहिलेलं असतं. बाकीच्या आठही सीडी तपासल्या, त्यांत आवाजाचे ट्रॅक नाहीत.

क्यू फाइल विंडोज स्वतः लावत नाही, पण डॉसबॉक्स (डॉसच्या जुन्या संगणकाचं एम्युलेटर) लावतं. म्हणून डॉसबॉक्समध्ये विंडोज ३.१ बसवलं. एस३चा चित्र-ड्रायव्हर (नाहीतर १६च रंग मिळतात), साउंड ब्लास्टरचा ध्वनी-ड्रायव्हर, आणि कंट्रोल पॅनेलच्या ड्रायव्हर्समध्ये जाऊन ‘सीडी ऑडिओ’ हाताने जोडलं. रात्री साडेअकराला गोष्ट बोलली. घरात सगळे झोपलेले, आवाज पूर्ण मोठा ठेवलेला.

८ फेब्रुवारी

पाढे. डॉसबॉक्समध्ये सुरू केलं आणि लगेच बाहेर: ‘रनटाइम एरर २००’. म्हणजे शून्याने भागाकार. गणित शिकवणाऱ्या प्रोग्रॅमने शून्याने भागावं!

हा दोष पाढ्यांचा नाही, तो ज्यात लिहिला त्या टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या साधनातल्या एका भागाचा. तो सुरू होताना संगणकाचा वेग मोजतो. घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे ५५ मिलिसेकंदांत, किती फेऱ्या मारता येतात ते मोजायचं आणि त्याला ५५ने भागायचं. उत्तर १६ बिटांत, म्हणजे ६५,५३५च्या आत मावेल असं गृहीत धरलेलं. संगणक फार वेगवान झाला की उत्तर मावत नाही, प्रोसेसर भागाकाराची चूक म्हणतो, आणि पास्कल तिलाच शून्याचा भागाकार समजतं.

आणि वेग मीच वाढवला होता. वेगवान ते चांगलं म्हणून डॉसबॉक्सची सायकल्सची, म्हणजे वेगाची, नोंद ‘मॅक्स’ करून ठेवली होती. कंट्रोल आणि एफ११ दाबून वेग कमी होतो, पण मोजणी पहिल्याच क्षणी होऊन जात असल्याने तोवर उशीर झालेला असतो. सेटिंगच्या फाइलमध्येच ३००० लिहिलं. पाढे सुरू. उत्तर द्यायला मिळणारा वेळही आता माणसाला पुरेल इतका आहे.

शेवटी लोगो. १९६७ची भाषा, पेटीतल्या प्रत्येक गोष्टीपेक्षा जुनी. सुरू झालं, कासव मधोमध उभं राहिलं. चौरस काढायला सांगितला: चार वेळा, शंभर पुढे, नव्वद उजवीकडे. पडद्यावर आला आडवा आयत.

पट्टी लावून मोजलं. रुंदी शंभर धरली तर उंची त्र्याऐंशी. हा ३२० बाय २०० ठिपक्यांचा पडदा जुन्या चार-तीन प्रमाणाच्या काचेवर ताणून दिसायचा, उभा ठिपका आडव्यापेक्षा लांब. डॉसबॉक्स मुळात ठिपके चौकोनीच दाखवतं, म्हणून सगळं चपटं. ‘अ‍ॅस्पेक्ट’ ही नोंद ‘ट्रू’ केली, चौरस चौरस झाला. वर्तुळ अंड्यासारखं दिसत असेल तर मुलांनी भूमिती कशी शिकायची? प्रोग्रॅम सुरू झाला म्हणून खूण करायची माझी सवय या डिस्कने मोडली.

हिशेब: जशीच्या तशी चालणारी एक (११). थोडी डागडुजी करून चार (५, ७, ८, ९). एम्युलेटरमध्ये चार (१, २, ३, ४). व्हर्च्युअल मशीनमध्ये एक (६). बंद एक (१०).

संध्याकाळी ताई बघायला आली. लोगोच्या फ्लॉपीवर भाषेच्या फाइलींशिवाय आणखी एक साध्या मजकुराची फाइल होती, इंग्रजी अक्षरांत ‘घर’. ती म्हणाली, “ही माझी.” चालवली. कासवाने खाली चौरस काढला, वर गेलं आणि त्रिकोण काढायला लागलं. छप्पर बसलंच नाही. डाव्या कोपऱ्यावर झेंड्यासारखं उभं राहिलं.

ताई फाइल वाचायला लागली. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. “त्रिकोणाच्या आधी उजवीकडे तीस राहिलंय.”

मी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला.

“नको. असंच मुलांना देते. बघू कोण शोधतं.”

फाइल ‘फक्त वाचण्यासाठी’ करून शाळेच्या फोल्डरमध्ये टाकली.